भुवईपासून डोळा सुरू होतो

४ जून

ती. मामा,

नमस्कार. पाकीट बघूनच तू म्हणाला असशील, हिला काहीतरी हवंय. हवंच आहे. फोन करणार होते, पण तू फोनवर नुसतं "हं, हं" करतोस आणि नंतर मामी सांगते की ह्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. शिवाय प्रश्न नाजूक आहेत आणि तुझ्या खात्यातले आहेत. उत्तरं लेखी मिळालेली बरी.

तू अजून लोकांना "भाची मेकअपमध्ये आहे" एवढंच सांगतोस म्हणे. सांग की सरळ, की मेलेल्या माणसांचे चेहरे करते. शेवटच्या दर्शनाआधी माणूस आपल्या माणसांना ओळखू यावा एवढंच माझं काम, आणि ते मला येतं. गिऱ्हाईक शांत असतं, मान धरायला लागत नाही आणि आरसा मागत नाही.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक घड्याळजी आले. आले म्हणजे आणले. दुखण्याने भुवया पार विरळ झाल्या होत्या. मी केसांचा कलप बारीक ब्रशने भरून त्या पहिल्यासारख्या काळ्याभोर केल्या. काल त्यांची बायको आली. मला वाटलं, काही राहिलं असेल इथे. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "ह्यांचा चेहरा तुम्हीच केलात ना? तसाच माझा करून द्या."

मी म्हटलं, बाई, तुम्हाला अजून अवकाश आहे. त्यावर ती हसलीसुद्धा नाही. म्हणाली, अवकाश नाहीच, पंचवीस तारखेला मुलगी येतेय.

झालंय असं. ह्या बाईही घड्याळं दुरुस्त करतात, नवऱ्याइतकीच वर्षं, त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून. उजवा डोळा केव्हाच गेलाय, काम सगळं डाव्यावर. त्या डोळ्यात भिंग बसवून बसवून डावी भुवई झिजून गेली आहे, अगदी उंबरठा झिजतो तशी. मुलगी वडिलांच्या वेळी आली होती तेव्हाच म्हणत होती, दुकान विका आणि माझ्याकडे चला. आता पक्कं करायला येतेय. आई थकलेली दिसली की बोलणंच खुंटलं. बाईंना दुकान सोडायचं नाही. तेव्हा त्यांना ठणठणीत दिसायचंय, बस.

मी हो म्हणून बसले आणि मग घाबरले. मामा, मी जिवंत चेहऱ्याला कधी हात लावलेला नाही. माझ्या पेटीत काय कुठे लावायचं ह्याला काही धरबंध नसतो. लिपस्टिक गालाला, गालाचा रंग पापणीला, पापणीचा निळा ओठांखाली सावली म्हणून, कलप भुवईला. जिवंत माणसाला ह्यातलं काय चालतं आणि काय नाही? तू आयुष्यभर त्या रंगांच्या कारखान्यात बसून "येथे लावू नये, तेथे लावू नये" अशी लेबलं तपासतोस. ती का लिहितात हे मी कधी विचारलंच नव्हतं. आता विचारते.

मामीला नमस्कार.

तुझी,
ठमी


९ जून

ठमे,

आशीर्वाद. पत्र मामीने मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे ऐकू येत नाही ह्या आरोपासकट सगळं ऐकू आलं.

एवढ्या वर्षांत घरातल्या कुणी मला माझ्या कामाबद्दल प्रश्न विचारला नव्हता. त्यामुळे आता भोग.

पहिली गोष्ट. लोकांना वाटतं रंग तो रंग, लाल तो लाल. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे शरीराचे प्रांत पाडलेले आहेत आणि प्रत्येक रंगाला कुठे शिरायची मुभा आहे ते ठरलेलं आहे. साधी कातडी म्हणजे गाल, कपाळ, हात, पाठ. इथे बहुतेकांना प्रवेश. ओठ वेगळे. का, तर लिपस्टिक बायका लावतात असं आपण म्हणतो, खरं तर त्या ती खातात. बोलताना, चहा पिताना, जीभ फिरवताना सगळी पोटात जाते. म्हणून पापणीला चालणारे कित्येक निळे-हिरवे रंग ओठाला चालत नाहीत. आणि ओठाला चालणारे कित्येक लाल डोळ्याजवळ चालत नाहीत. पोटात गेलेलं पोट निस्तरतं. डोळ्याला पोट नाही.

आता तू म्हणशील, डोळ्याजवळ म्हणजे किती जवळ? हा प्रश्न मी नोकरीला लागलो तेव्हा मलाही पडला होता. तुझं बोट घे, भुवईवर ठेव आणि हाडाहाडाने खाली फिरव, गालाच्या वरच्या काठापर्यंत. लागलं गोल कडं? त्या कड्यातलं सगळं म्हणजे डोळा. भुवईसुद्धा. तू भुवईला कपाळात धरतेस, आम्ही डोळ्यात धरतो. तुझ्या बाईंचं भिंग जिथे टेकतं ना, बरोबर तीच आमची हद्द.

म्हणून नीट वाच. कलप त्या हद्दीत न्यायचा नाही. डोक्याच्या केसांना लाव, हरकत नाही. भुवईला नाही, पापणीच्या केसांना तर स्वप्नातही नाही. त्याने डोळा जातो, ठमे. सुजतो, चिघळतो आणि कुणाकुणाचा खरंच जातो. बाटलीवर ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते अक्षर बारीक असू नये म्हणून मी तीनदा भांडलोय.

गालाला लिपस्टिक लावलीस तर चालेल, पण डोळ्याच्या कड्याच्या आत नको. नखाचा रंग नखावर. केसांचा फवारा तोंडावर नाही. मामी विचारतेय, टाचेचं मलम तोंडाला लावलं तर काय होतं. ती इतकी वर्षं लावतेय हे मला आत्ता कळलं.

आणि जिवंत माणसाला नवीन काहीही लावण्याआधी ते कोपराच्या आतल्या बाजूला टिकलीएवढं लाव आणि दोन दिवस वाट बघ. दोन दिवस म्हणजे दोन दिवस. तुझी नेहमीची गिऱ्हाइकं लगेच काही बोलत नाहीत आणि नंतरही बोलत नाहीत. जिवंत कातडी उशिरा बोलते, पण बोलते.

भुवईसाठी भुवईची पेन्सिल मिळते. साधी, मेणाची. ती आण. नवी आण, तुझ्या पेटीतली नको. ब्रशही नवे.

काय झालं ते कळव. मला खरंच उत्सुकता आहे.

मामा


२० जून

ती. मामा,

तुझं पत्र बाईंनाही वाचून दाखवलं. "डोळ्याला पोट नाही" हे त्यांना फार आवडलं. तेव्हापासून दुकानात बोट हाडावर फिरवून हद्द मोजत बसतात आणि घड्याळ घ्यायला आलेल्या माणसालाही मोजायला लावतात.

ब्रश नवे आणले. फाउंडेशन कोपराला लावून दोन दिवस थांबले. गालाला, ओठाला, सगळं तुझ्या हुकुमाप्रमाणे.

पण पहिल्या दिवशी फजिती झाली ती ऐक. मी बाईंना मागच्या खोलीतल्या बाकावर आडवं केलं. मला तसंच येतं ना! डोळे मिटायला सांगितले, वर दिवा, डोक्यापाशी मी. तासभर मन लावून केलं आणि चेहरा काय सुरेख आला, दहा वर्षांनी लहान. मग त्या उठून बसल्या आणि सगळं चुकलं. माणूस उठून बसलं की गाल खाली येतात, मामा. जिथे मी सावली दिली होती तिथे खड्डाच नव्हता, तो खाली सरकला होता. हे मला कोण सांगणार, माझं कुणी उठून बसलेलंच नाही आजवर. बाई आरशात बघून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि हसल्यावर तर चेहऱ्याचा नकाशाच बदलला. मी ब्रश धरून बघत राहिले. ऊब लागते हाताला. श्वास लागतो मनगटाला. घाबरायला होतं आणि सोडवतही नाही.

आता मी त्यांना बसवूनच करते.

भुवयाही झाल्या. छान झाल्या आहेत. बाई खूश आहेत.

मुलगी रविवारी येते. मामीला सांग, टाचेचं मलम टाचेलाच.

तुझी,
ठमी


२२ जून

ठमे,

गालावर पानभर लिहिलंस आणि भुवयांवर एक ओळ. कशाने झाल्या ते लिहिलं नाहीस. मी लेबलं वाचणारा माणूस आहे, काय लिहिलंय त्याआधी काय लिहिलेलं नाही ते बघतो.

फोन केला, तू उचलला नाहीस. परत केला, तरी नाही. फोन न उचलणारी तू नव्हेस.

कलप लावला असशील तर पुढचं वाचत बसू नकोस. साध्या पाण्याने धू, भरपूर आणि खूप वेळ, आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. सूज नसली तरी ने. आजच.

मामा


२४ जून

ती. मामा,

कलपच लावला.

फोन वाजत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसले होते. तुला काय सांगणार होते?

पेन्सिल आणली होती. पण डाव्या भुवईला केसच नाहीत, पेन्सिल नुसती कातडीवर ओढल्यासारखी दिसायची, आणि भिंग लावलं की त्याच्या कडेला लागून पुसली जायची. बाई चिडल्या. "ह्यांना केलंत ते पुसलं गेलं का?" म्हणाल्या. मी म्हटलं, त्यांनी नंतर भिंग लावलं नाही, बाई. पण त्या हट्टाला पेटल्या. आणि खरं सांगू? मलाही करून बघायचं होतं. ते मला सगळ्यात चांगलं येतं. मी मनाशी म्हटलं, मामा कारखान्यात बसून उंटावरून शेळ्या हाकतो. मी ही बाटली इतकी वर्षं वापरते, कधी कुणाला काही झालं नाही. हे वाक्य मी खरोखर मनात म्हटलं आणि त्यातलं काय चुकलंय ते मला त्या वेळी कळलं नाही.

कानामागे ठिपका लावला. चहा होईपर्यंत थांबलो. काही नाही झालं. मग पुन्हा आडवं केलं, डोळ्यांवर कापूस ठेवला आणि भरल्या भुवया. डाव्या बाजूला केस नव्हते तर कातडीलाच रंग धरला. सुंदर झाल्या, मामा, तेवढं खरं.

तुझं पत्र हातात पडलं आणि मी तशीच धावत दुकानात गेले, तर शटर अर्धं खाली. बाई आत अंधारात बसलेल्या. आदल्या रात्रीपासून खाज होती म्हणे, सकाळी डावा डोळा उघडेचना. पापणी सुजून टम्म. उजव्याने दिसत नाही, डावा मिटलेला, आणि मला म्हणाल्या, "कोण आहे? घड्याळ न्यायला आला असाल तर परवा या."

डॉक्टरांनी कितीतरी वेळ धुतलं. बुबुळाला लागलेलं नाही असं वाटतं, पण सूज उतरेपर्यंत नक्की सांगत नाहीत. मलम दिलंय, पट्टी आहे. काळा रंग निघालेला नाही.

आणि डॉक्टरांनी विचारलं, काही लावलं होतं का, तेव्हा बाई माझ्याकडे तोंड फिरवून म्हणाल्या, "वय झालं, दुसरं काय." मीच सांगितलं डॉक्टरांना. बाहेर आल्यावर बाई माझ्यावर रागावल्या. म्हणाल्या, तुझ्या मालकिणीच्या कानावर गेलं तर तू रस्त्यावर. मालकिणीचा नियमच आहे, इथली पेटी जिवंत माणसाला लावली की त्या दिवशी नोकरी संपली. डॉक्टरांना सांगितलंस ते सांगितलंस, मुलीला मी सांगेन ते सांगेन, तू मध्ये पडायचं नाही. शपथ घातली.

उद्या मुलगी येईल आणि हेच बघेल. दुकान वाचवायला गेले आणि मीच घालवलं. करायला गेले एक.

ठमी


२७ जून

ठमे,

तुला चार शब्द खडसावायला बसलो होतो, मामीने पेन काढून घेतलं. परत दिलं ते अटीवर.

डॉक्टरांनी वेळेत धुतलं, हे चांगलं झालं. बुबुळ वाचलं असेल तर सूज उतरेल. पापणीची कातडी अंगातली सगळ्यात पातळ, लवकर रुसते आणि लवकर बरीही होते. काळा रंग घासून काढू नकोस, आपला आपण जाईल. आणि बाईंना सांग, ह्यापुढे डोक्याच्या केसांनाही कलप नको. एकदा अंगाने ओळख ठेवली की पुढच्या वेळी ते जास्त भांडतं.

हे झालं माझ्या खात्यातलं. पुढचं माझ्या खात्यातलं नाही, तरी लिहितो.

तू लिहितेस की मुलीने सुजलेला डोळा बघितला की दुकान गेलं. पण ती बघणार काय आणि समजणार काय, ह्यात फरक आहे. तिला वाटेल, आईचा उरलेला डोळाही चालला. प्रत्यक्षात तो डोळा चांगला आहे, त्याच्यावर माझ्या भाचीने नको ते लावलं. हे तिकडे तीन माणसांना ठाऊक आहे. डॉक्टर बोलणार नाहीत. बाई तुझ्यासाठी मूग गिळून बसल्या आहेत. राहिलं कोण?

नोकरी गेली तर इकडे ये. खोली रिकामी आहे. हे मामीने लिहायला सांगितलं, मी लिहिणारच होतो.

मामा


३ जुलै

ती. मामा,

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच मी जाऊन आले होते. तेव्हा शाबासकीत तुझा वाटा नाही.

मुलगी रविवारी आली. मी दोन दिवस तिकडे फिरकले नाही. शपथ आहे, शपथ आहे, असं स्वतःला सांगत राहिले आणि दिवसाला तीन चेहरे केले. मंगळवारी हात चालेना. समोर एक आजोबा होते, त्यांच्या भुवयांना कलप लावायचा होता, आणि मी ब्रश धरून त्यांच्या पापणीकडे बघत उभी राहिले, की ही आता सुजेल. मग मालकिणीकडे गेले आणि सगळं सांगितलं.  ती म्हणाली, आजोबांचं पूर्ण कर आणि मग जा कुठे जायचंय ते. नोकरीचं उद्या बघू. ते उद्या अजून आलेलं नाही, मी रोज जाते आहे.

दुकानात गेले तर टेबल रिकामं. चिमटे, पेचकस, बारीक तेलाच्या कुप्या, सगळं खोक्यांत. मुलगी एकेक खोकं दोरीने बांधत होती. बाई खुर्चीत, पट्टी निघालेली, डोळा अर्धा उघडा, लाल, आणि त्यावर त्या माझ्या दोन काळ्याभोर भुवया. सूज बरीच उतरली होती, त्यामुळे त्या आणखीच उठून दिसत होत्या.

बाईंनी मला आवाजावरून नाही, बघून ओळखलं. हे आधी सांगायला हवं होतं. त्यांना दिसतंय, मामा. दाराशी मी उभी राहिले तेवढ्यात म्हणाल्या, "तू कशाला आलीस?"

मी मुलीला सांगितलं. काय लावलं, का लावलं, तू काय लिहिलं होतंस, मी का ऐकलं नाही, डॉक्टर काय म्हणाले. डोळा चांगला आहे आणि जे झालं ते वयाने नाही, माझ्या हाताने झालं. बाई मध्ये बोलू बघत होत्या, मी बोलू दिलं नाही. मला वाटलं होतं मुलगी ओरडेल. ती दोरी हातात धरून खाली बसली. आईला म्हणाली, "तू भुवया केल्यास? मला दाखवायला?"

बाई म्हणाल्या, दाखवायला नाही, तू बघू नयेस म्हणून. झिजलेली भुवई बघितली असतीस तर म्हणाली असतीस, आई संपली.

तेव्हा ती मुलगी रडायला लागली. मी परक्यांच्या रडण्याला सरावलेली आहे, तरी मला कुठे बघावं कळेना. ती म्हणाली, "आई, तुला डावी भुवई होती हेच मला ठाऊक नाही. मला कळायला लागल्यापासून ती नाहीच. रविवारी तू दार उघडलंस आणि मला दारात बाबा दिसले. बाबा त्या शेवटच्या दिवशी दिसले ना, तसेच. पट्टीच्या वर अगदी तशाच भुवया. मी तेव्हाच ठरवलं, हिला आता एक दिवसही इथे ठेवायचं नाही."

मामा, माझं काम इतकं चांगलं झालं होतं.

 बाई उठल्या, बेसिनपाशी गेल्या आणि चेहरा धुतला. गालावरचं, ओठावरचं, मुलीसाठी सकाळी स्वतःच लावलेलं सगळं गेलं. भुवया तेवढ्या राहिल्या. मुलगी टॉवेल घेऊन उभी होती, तिने आईचं तोंड पुसलं आणि खिडकीकडे वळवून तो डोळा जवळून बघितला. मग विचारलं, दिसतंय का नीट? बाईंनी समोरच्या इमारतीवरच्या घड्याळात किती वाजलेत ते सांगितलं आणि वर हेही सांगितलं की ते मागे पडलंय.

खोकी त्यांनी दोघींनी मिळून सोडली. मी मदत करू म्हटलं तर बाई म्हणाल्या, कशाला कुठे हात लावायचा ते तुला कळत नाही. मुलगी काल परत गेली, एकटीच. ठरलंय असं की दर महिन्याला डॉक्टर डोळा तपासतील आणि तिला स्वतः कळवतील, बाईंवर विश्वास नाही. तेवढं बाईंना मान्य करावं लागलं.

त्या मंगळवारी निघताना मी ती कलपाची बाटली बाईंपुढे ठेवली. त्यांच्या देखत मोरीत ओतून टाकणार होते. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "ओतू नकोस, ठेव. माझी वेळ आली की तूच कर, ह्यांच्यासारखंच कर. तेव्हा मी डोळे चोळणार नाही."

मग त्यांनी भिंग डोळ्याला न लावता नुसतं हातात धरलं आणि कुणाचं तरी घड्याळ उघडलं.

मामीला नमस्कार.

तुझी,
ठमी